वस्तूचा ठावठिकाणा

प्रवरेच्या काठी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझचे जे चार जिन्नस जमिनीतून वर आले, म्हणजे हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, त्यांच्या घडणीपुढे आजही पाहणारा स्तब्ध होतो. परंतु हे धन एखाद्या पुरातत्त्वज्ञाने आखून खणलेल्या चरात नव्हे, तर एका स्थानिक शेतकऱ्यास सापडल्यामुळे, ते कोणत्या थरात व कोणत्या खापरांच्या सान्निध्यात पडले होते याची नोंद त्या क्षणी झाली नाही. परिणामी काही विद्वान त्यांस उत्तर-हडप्पाकालीन मानतात, तर पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिकावर बोट ठेवून त्यांच्या प्राचीनत्वाविषयीच शंका घेतली.

म्हणून संग्रहालयाच्या नोंदवहीत वर्णन, माप, वजन, द्रव्य हे सारे रकाने आवश्यक असले, तरी माझ्या मते प्राप्तिस्थानाचा रकाना सर्वांत मोलाचा. कारण माप आणि वजन शंभर वर्षांनीही घेता येईल, मातीतली जागा मात्र एकदाच पाहावयास मिळते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानेही दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास त्याचे स्वरूप व किंमत यांच्या जोडीने सापडल्याची जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविण्याचे बंधन घातले आहे.

वस्तू दाखल झाली की तिला क्रमांक मिळतो, आणि तो लिहिण्याचे कामही मोठ्या निगुतीचे असते. खापराच्या आतल्या अंगास किंवा मूर्तीच्या पीठाच्या तळाशी, दर्शनी भागाला धक्का न लावता, प्रथम पारदर्शक लाखेचा बोटभर पट्टा ओढावा, तो वाळल्यावर बारीक टाकाने आकडे काढावेत आणि वर पुन्हा एक लेप द्यावा, म्हणजे शाई वस्तूत मुरत नाही आणि प्रसंगी द्रावकाने सारे निघून येते. नाण्यावर काहीच लिहीत नाहीत. त्याचा क्रमांक पाकिटावर.

काळाच्या रकान्यात मात्र घाई नसावी. दायमाबादच्या रथापुढे एकच शतक ठामपणे लिहून मोकळे होण्यापेक्षा, कोणी कोणत्या आधारावर कोणता काळ सुचविला हे नावानिशी नोंदवावे, आणि नवे मत आले तरी जुने न खोडता त्याखाली तारखेसह नवी ओळ घालावी.