धाकटीचें ऐकणारा थोरला

शके १२१२ मध्यें (इ. स. १२९०) गीतेवर भाष्य सांगणाऱ्या ज्ञानेश्वरांची वाणी सर्वांच्या परिचयाची आहे, त्यांच्या ऐकण्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मुक्ताबाईच्या नांवावर असलेले ताटीचे अभंग त्यासाठींच वाचावे. परंपरा अशी सांगते कीं, लोकांच्या कुत्सित बोलण्यानें व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनीं झोपडीची ताटी, म्हणजे कुडाचें दार, आंतून लावून घेतलें. बाहेर उभी होती चार भावंडांत सर्वांत धाकटी मुक्ताबाई. तिनें भावाचा अधिकार नाकारला नाहीं. उलट, संत म्हणविणाऱ्यानें जगाचा राग सोसावयाचा असतो, ही त्यांचीच शिकवण तिनें आर्जवानें त्यांच्यापुढें ठेवली. लहान तोंडीं मोठा घास म्हणून तिला गप्प बसविणें किती सोपें होतें! घरोघरीं कर्ता पुरुष रुसला कीं सारें घर मुकें होतें, तसें तेथें झालें नाहीं. ताटी उघडली.

नामदेवांना हें ऐकणें जड गेलें, म्हणून त्यांची गोष्ट अधिक बोलकी. मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबा कुंभारांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं पारखलीं आणि नामदेवांना कच्चें मडकें ठरविलें, अशी कथा आहे. नामदेव रागावून पंढरपुरास परतले. परंतु अखेर विसोबा खेचरांपाशीं शिष्य होऊन बसले. वारकरी कीर्तनकार नामदेवांना आपले आद्य पुरुष मानतात. तरीहि त्यांचा हा कमीपणा त्यांनीं कधीं झांकला नाहीं. आजहि ते तो रंगवून सांगतात.