घोड्यासाठी वाळलं गवत घेताना

परवा इंदूरमध्ये वरातीतला एक घोडा सारखा खोकताना दिसला. मालकाला विचारलं, खायला काय घालता? म्हणाला, "भुसा, स्वस्त पडतो."

माळव्यात गहू भरपूर, त्यामुळे गव्हाचा भुसा सहज मिळतो. पण घोडा गाय-म्हशीसारखा रवंथ करत नाही. नुसत्या बारीक, कोरड्या भुशाने आतडं तुंबून पोटशूळ उठू शकतो. थोडा भुसा चालेल, पण मुख्य चारा लांब काडीचं गवतच हवं.

किती? वजनाच्या दीड ते दोन टक्के. 350 किलोच्या घोड्याला रोज 5 ते 7 किलो.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास गवत कापतात. वर्षाची बेगमी तेव्हाच करावी; उन्हाळ्यात भाव चढतात. गाडीवर सौदा करू नका, काट्यावर वजन करून घ्या. ओलं गवत जड भरतं, म्हणजे पैसे पाण्याचे जातात!

गठ्ठा वरून हिरवा दिसला की भुलू नका. मधोमध हात घाला. आत गरम, दमट लागलं किंवा कुबट वास आला तर परत करा. मूठभर झटका, पांढरी धूळ उडाली तर ती बुरशी. खोकला बहुधा तिथूनच येतो. कुसळी गवताची टोकं तोंडात रुततात, तीही बघा.

साधी धूळ असेल तर गवत भिजवून घाला. बुरशीवर मात्र हा उपाय नाही.

साठवताना खाली फळ्या टाका. काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, गवताचा फोटोही टाका.