माशाच्या अंगावरची जखम काय सांगते?

दिवाळीनंतरची गोष्ट. वस्तीतल्या एक मावशी पाटीत मासे घेऊन दारात आल्या. लेकाने कासारीच्या डोहातून धरून आणले होते. एका मरळीच्या पाठीवर रुपयाएवढा लालभडक खड्डा होता. दुसऱ्या मरळीच्या मानेभोवती दोरी आवळल्यासारखा वळ होता. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, माशास्नी देवी आलीया म्हणत्यात. खायचं का टाकायचं?"

देवी हा माणसाचा रोग होता. तो जगातून संपल्याचे 1980 साली जाहीर झाले. माशांना देवी येत नाही आणि देवीचा कोपही होत नाही. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. म्हणून आपण मासा तपासू या. वळ असलेली मरळ मावशींनी त्या दिवशी खाल्ली. खड्डा पडलेली मी टाकायला लावली. असे का, ते सांगते.

जखम जिवंतपणीची की मेल्यावरची?

जिवंत माशाला जखम झाली तर तिच्याभोवती लाली येते, रक्त साकळते. मेलेल्या माशाला खेकड्याने कुरतडले किंवा तो जाळ्यात फाटला तर जखमेच्या कडा फिक्या राहतात. आधी एवढे बघा, म्हणजे निम्मा उलगडा होतो.

मार लागलेला मासा

जाळ्यात मान अडकली की कल्ल्यांच्या मागे गोल वळ उठतो आणि तिथले खवले निघतात. गळाने ओठ फाटतो. बगळा किंवा पाणकावळा चोच मारतो तेव्हा कुशीवर भोक पडते किंवा दोन्ही बाजूंना ओरखडे उठतात. पाणमांजराचा चावा मोठा असतो, लचकाच तुटतो. पावसाच्या सुरुवातीला चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर जातात, दगडांवर आणि बंधाऱ्याच्या खांबांवर आपटतात. त्यांचे नाकाड आणि पोट खरचटलेले असते.

असा मासा जिवंत धरलेला असेल, कल्ले लाल, डोळे स्वच्छ आणि मांस घट्ट असेल तर जखमेचा भाग कापून टाका आणि बाकीचा नीट शिजवून खा. जखमेवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती बुरशी आहे. जुन्या जखमेवर ती धरते. तो मासा नको.

लाल व्रण

मावशींच्या मरळीला झाला होता तसा व्रण पसरवणारा एक बुरशीसारखा जीव आहे. या रोगाची नोंद 1971 साली जपानमध्ये झाली. 1988 साली तो आपल्या देशाच्या ईशान्य भागात शिरला आणि पुढे देशभर पसरला. पाऊस सरून पाणी गार होऊ लागले की तो जोर धरतो. मरळ आणि लहान खवल्यांचे मासे त्याला लवकर बळी पडतात, चिलापी सहसा बचावते. आधी लाल ठिपका येतो, मग खवले गळतात, मग मांसापर्यंत खड्डा पडतो.

हा रोग माणसाला होत नाही. पण उघड्या व्रणात दुसरे जंतू वाढतात आणि ते माणसाला बाधतात. म्हणून व्रणाचा मासा खाऊ नये, कुत्र्या-मांजरालाही घालू नये. पाण्यात परत न टाकता तो खड्डा करून पुरावा. त्याच डोहातला बिनव्रणाचा मासा पूर्ण शिजवून खायला हरकत नाही.

उवा आणि काळे ठिपके

अंगावर चपटे, सरकणारे, मसुराएवढे किडे दिसले तर त्या माशांच्या उवा. खवल्यातून दोऱ्यासारखा किडा लोंबत असेल तर तो तोंडाने मांसात रुतलेला असतो. दोन्ही जागी लाल चट्टे पडतात. कातडीवर बारीक काळे ठिपके असतील तर आत अळीची गाठ असते. गोगलगाय, मासा आणि पक्षी असा त्या अळीचा फेरा चालतो. किडे काढून, मासा स्वच्छ करून पूर्ण शिजवला तर यांचा धोका राहत नाही. कच्चा, अर्धाकच्चा मासा मात्र कधीच नको.

जखम नाही आणि मासे तरंगतात

सगळ्यांत जास्त भीती याची. अंगावर ओरखडा नाही, तोंड उघडे, कल्ले फुललेले आणि काठाला मेलेल्या माशांचा खच. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यावर पंचगंगेत हे वारंवार घडले आहे. सांडपाणी आणि मळीमिश्रित पाणी नदीत आले की ती घाण कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात. माशांसाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो फार खाली गेला की मासा गुदमरतो.

पण मासा गुदमरून मेला की शेतातल्या कीटकनाशकाने, हे डोळ्यांना कळत नाही. काहीजण तर मुद्दाम विष कालवतात. जिलेटीन उडवले किंवा करंट सोडला तरी वरून मासा धड दिसतो. चिरल्यावर आत रक्त साकळलेले, फुगा फुटलेला, पाठीचा कणा मोडलेला सापडतो. 1897 च्या मत्स्य कायद्यापासून स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा आहे.

हे मासे फुकट मिळतात किंवा स्वस्तात विकायला येतात, आणि ज्यांच्या घरी रोज मटण शिजत नाही त्यांच्याच ताटात येतात. मला गरज कळते. तरीही हात जोडून सांगते, तरंगणारा मेलेला मासा घरात आणू नका. शिजवल्याने जंतू मरतात, विष मरत नाही. मासे खाल्ल्यावर उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंग थरथरणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे यातले काही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 ला फोन करा. उरलेला मासा पिशवीत बांधून दवाखान्यात सोबत न्या.

साफ करताना

शिंगट्याचा काटा किंवा विळी लागली तर रक्त वाहू द्या, साबण आणि स्वच्छ पाण्याने चांगले धुवा. हळद, राख, तंबाखू भरू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. हात सुजला, लाली वर चढू लागली, ताप आला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर तासाचाही उशीर करू नये. हाताला आधीच चीर असेल तर मासा दुसऱ्याने साफ करावा.

मासा आधी मरतो

पन्हाळ्याच्या पायथ्याची कासारी प्रयाग चिखलीला कुंभी, तुळशी आणि भोगावतीला भेटते. तिथून पंचगंगा होते आणि खाली लाखो माणसे तिच्यावर जगतात. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. ती कावीळ सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून पसरली होती. नदीत मासे मरू लागले की आपल्या हंड्याकडे लक्ष द्यायची वेळ आली, असे समजा. पाणी उकळून प्या.

मेलेले मासे दिसले तर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा, फोटो काढा, स्वच्छ बाटलीत पाणी भरून झाकण घट्ट लावा. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. एकटीने जाऊ नका. विहारात बैठक घ्या, दहा सह्या करा आणि मग जा.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीने पाण्यावरचा हक्क आपल्याला मिळवून दिला. ते पाणी पिण्याजोगे राहील हे बघणे आता आपल्याकडे आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.