मीटरवर शून्य आलं म्हणून पॅनेलच्या वायरीला हात लावू नका!



ऐन पाणीपाळीत सौर पंप बंद पडला की कुणालाच दम निघत नाही. शेजारचा वायरमन येतो, खिशातला मीटर लावतो, आकडा शून्य येतो आणि तो सांगतो, "पॅनेलमधून करंटच येत नाही." इथेच घात होतो. महावितरणच्या लाइनवर बरोबर चालणारा मीटर पॅनेलच्या वायरीवर शून्य दाखवू शकतो, आणि तरीही त्या वायरीत माणूस मारेल एवढी वीज असते.

*फरक कुठे आहे?*
लाइनची वीज एसी. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. पॅनेलची वीज डीसी. ती बैलगाडीसारखी एकाच दिशेने चालते. एका मोठ्या पॅनेलचं व्होल्टेज साधारण ४५ च्या घरात असतं, नेमका आकडा पॅनेलच्या मागच्या लेबलवर असतो. असे १२ पॅनेल एकामागे एक जोडले की झाले ५४० व्होल्ट. घरातली लाइन २३० ची, म्हणजे दुपटीहून जास्त! आणि जोवर ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही. स्विच पाडला तरी स्विचपासून पॅनेलपर्यंतची वायर जिवंतच राहते.

*घरी करून बघा: मोटारसायकलची बॅटरी*
मल्टीमीटरवर व्होल्टच्या दोन खुणा असतात. नागमोडी रेघ (~) म्हणजे एसी. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. चांगली चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी डीसीवर मोजा, साधारण १२.६ येईल. लाल-काळी पिन उलटी लावली तर तोच आकडा वजा चिन्हासह येईल. म्हणजे मीटर ठीक आहे आणि दिशाही सांगतोय.
आता तीच बॅटरी एसीवर मोजा. चांगला मीटर शून्याच्या आसपास दाखवेल. काही स्वस्त मीटर दुपटीहून जास्त आकडा दाखवतात आणि पिना उलट्या केल्या की शून्य! बॅटरी तीच, पण खूण चुकली की आकडा खोटा.

*क्लॅम्प मीटरची खरी गोम*
क्लॅम्प मीटर म्हणजे आपला टोंग टेस्टर. वायर न तोडता अँपिअर मोजतो. साध्या टोंग टेस्टरच्या जबड्यात ट्रान्सफॉर्मरसारखी तारेची गुंडाळी असते. वायरीभोवतीचं चुंबकत्व सतत बदलत राहिलं तरच त्या गुंडाळीत वीज तयार होते. डीसीचं चुंबकत्व स्थिर, म्हणून आकडा शून्य. डीसी मोजणाऱ्या क्लॅम्पमध्ये वेगळा सेन्सर असतो, त्याला हॉल सेन्सर म्हणतात. तो महाग पडतो.
घेताना फसू नका. खोक्यावर "एसी/डीसी" लिहिलेलं असतं, पण पुष्कळ मीटरमध्ये डीसी फक्त पिनांनी व्होल्ट मोजण्यापुरतं असतं, जबड्याने अँपिअर फक्त एसीचे मोजता येतात. म्हणून चकतीवर *अँपिअरच्या* खुणेजवळ सरळ रेघ आहे का, ते बघूनच पैसे द्या.
वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. डीसी क्लॅम्प वायरीला लावण्याआधी "झिरो" बटण दाबा. आणि जबड्यात एकच वायर घ्या. जाणारी-येणारी दोन्ही घेतल्या तर चांगला मीटरही शून्यच दाखवतो.

*टेस्टरचं काय?*
वायरीजवळ नेला की पीं-पीं वाजणारा टेस्टर डीसी ओळखतच नाही. दिव्याचा स्क्रू-ड्रायव्हर टेस्टरही पॅनेलच्या वायरीवर भरवशाचा नाही. दिवा लागला नाही म्हणजे वायर मेली, असं धरू नका.

*कंट्रोलरच्या पुढे*
एसी मोटारीच्या सौर पंपात कंट्रोलर डीसीचं थ्री-फेज एसी करतो, पण ती लाइनसारखी स्वच्छ नसते आणि उन्हाप्रमाणे तिची गती बदलते. साधा मीटर तिथे चुकीचे व्होल्ट दाखवतो. ते आकडे बघून मोटार जळाली ठरवू नका, कंट्रोलरच्या डिस्प्लेवरचे आकडे धरा.

*हे नक्की पाळा*
✅ मीटरवर छापलेली डीसी व्होल्टची मर्यादा तुमच्या सगळ्या पॅनेलच्या बेरजेपेक्षा जास्त हवी.
✅ व्होल्ट मोजताना लाल पिन अँपिअरच्या भोकात नाही ना, आधी बघा. तशीच लावली तर मीटरमधून थेट शॉर्ट होतो.
✅ आधी बॅटरीवर मीटर तपासा, मगच पॅनेलकडे जा.
❌ पंप चालू असताना पॅनेलचे जोड ओढून काढू नका. एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते म्हणून ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते आणि हात भाजतो. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच बंद.
❌ ओल्या हाताने किंवा चिखलात उभं राहून मोजमाप नको.

"मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेतल्या पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे. तेव्हा कंट्रोलर स्वतः उघडू नका. डिस्प्लेवरच्या एररचा फोटो काढा आणि पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा. मेकॅनिक आला की एवढंच विचारा, "भाऊ, तुमचा क्लॅम्प डीसी अँपिअर मोजतो का?" उत्तर नाही आलं, तर त्याच्या शून्यावर पॅनेल बदलायला तयार होऊ नका.

गावातल्या वायरमनलाही हा मेसेज पाठवा. पाळी एक दिवस उशिरा झाली तरी चालेल, माणूस घरी सुखरूप यायला हवा.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🌱