जाळीचा खरा शत्रू कोण?

बालमित्रांनो, सांगा बरं, चुलीवरच्या लोखंडी जाळीचा शत्रू कोण? 'विस्तव!' असंच म्हणालात ना? चूक! जाळीला खातं ते पाणी.

आमच्या रिठदला तुराट्या-पऱ्हाट्यांचा जाळ ओसरला, की निखाऱ्यांवर जाळी ठेवतात. तिच्यावर भरताची वांगी, पापड, मक्याची कणसं भाजतात. वांग्याचा रस सांडतो, जळतो आणि तारांवर काळा थर बसतो. मग कुणीतरी ती जाळी रात्रभर पाण्यात टाकून ठेवतं. सकाळी पाहावं तर तारा तांबूस!

असं का होतं? लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले, की गंज चढतो. हा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पोपडे सुटतात, आतलं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. तार बारीक होत होत एक दिवस तुटते.

मग जाळी साफ कशी करायची? मोठ्या माणसांना सोबत घ्या. जाळी कोमट असतानाच नारळाच्या शेंडीने घासा, म्हणजे काळा थर लवकर सुटतो. चिकट राहिलं, तर चाळलेली राख ओली करून लावा. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो तेलकटपणा सोडवतो. आजीची राख म्हणजे एक प्रकारचा साबणच! मात्र राखेने हात कोरडे पडतात, म्हणून नंतर ते नीट धुवा. गंजाचा डाग असेल, तर चिंच किंवा लिंबू चोळा. त्यातलं आम्ल गंज विरघळवतं.

धुतलेली जाळी तशीच ठेवू नका हं! गरम चुलीवर धरून पूर्ण वाळवा आणि फडक्याने तेलाचं बोट फिरवा. तेलामुळे पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही. खोटं वाटतं? मग तीन खिळे घ्या. एक कोरडा ठेवा, दुसरा ओल्या कापडात गुंडाळा, तिसऱ्याला तेल माखून ओल्या कापडात गुंडाळा. कापडं वाळू देऊ नका. आठ दिवसांनी तिन्ही खिळे शेजारी ठेवून पाहा.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तारेच्या ब्रशने जाळी घासू नका. त्याची बारीक तार तुटून जाळीला चिकटते आणि घासाबरोबर पोटात जाते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका रुग्णालयात २०११-१२ मध्ये असे ६ रुग्ण आले होते. कुणाच्या घशात, तर कुणाच्या आतड्यात तार रुतली होती. भाजण्याआधी जाळीवरून ओलं फडकं फिरवून पाहण्याची सवय म्हणूनच चांगली.

दिल्लीतला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने वर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. आपल्या जाळीला असा थर आपोआप मिळत नाही. तो रोज आपणच द्यायचा, तेलाच्या एका बोटाने!