गळाची काठी: जोडधंद्याचा हिशेब
अमेरिकेत हौसेने गळाच्या काठ्या बांधणारे काही जण पुढे त्या विकू लागतात, आणि हिशेब चुकतो तो सहसा एकाच जागी: साहित्याचा खर्च धरला जातो, वेळेचा नाही. कार्बन फायबरची ब्लँक (काठीचा कोरा दांडा), बुचाची मूठ, रीलची बैठक, दोरीच्या कड्या हे सारे विकत मिळते. पण प्रत्येक कडीचा पाय नायलॉनच्या दोऱ्याने, वेढ्याला वेढा भिडवत हातानेच बांधावा लागतो. त्यावरचा इपॉक्सीचा थर ओघळू नये म्हणून काठी मंद मोटरवर तासन् तास फिरत ठेवतात. कारखान्याची स्वस्त काठी सोडून ही कोण घेणार, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून किमतीच्या स्पर्धेत उतरूच नये. संधिवाताने आखडलेल्या बोटांना पेलेल अशी बेतून दिलेली मूठ दुकानात सहज मिळत नाही, आणि तिचे दाम मागण्यात संकोच कसला? तुटलेली कडी बदलण्याचे काम तर आणखी भरवशाचे. त्यात भांडवल फारसे अडकत नाही.

विक्री सुरू झाली की बांधणारा कायद्याने उत्पादक ठरतो. विक्रीमूल्याच्या १० टक्के, पण काठीमागे जास्तीत जास्त १० डॉलर, इतका केंद्रीय अबकारी कर त्याने भरायचा असतो. १९५० च्या कायद्यानुसार हा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाला जातो. तो किमतीत आधीच धरावा.