जुनी तक्तपोशी, नवा क्यू

अमेरिकेत एखाद्या शाळेचं जुनं जिम किंवा बोलिंगचा हॉल पाडायला निघाला, की पूल या खेळाच्या काठ्या, म्हणजे क्यू, बनवणाऱ्या हौशी लोकांचे डोळे तिथल्या तक्तपोशीवर लागतात. हार्ड मेपल हेच क्यूचं नेहमीचं लाकूड आणि जिमच्या जमिनीचंही. मग फुकटात मिळालेली पट्टी लेथवर चढवायची आणि क्यू कातायचा, एवढंच तर काम! पट्टीला कॅलिपर लावला की हा हिशोब कोलमडतो.

जिमची सर्वसाधारण पट्टी नवी असतानाच २५/३२ इंच, म्हणजे जेमतेम २० मिलिमीटर जाड असते. वर्षानुवर्षं घासून-पॉलिश करून वरचा थर गेलेला असतो तो वेगळाच. क्यूचा पुढचा भाग, म्हणजे शाफ्ट, टोकाला १२-१३ मिलिमीटर असला तरी मागच्या भागाला जोडतो तिथे २१ च्या आसपास भरतो. तो मागचा भाग, म्हणजे बट, बुडाशी ३० च्या वर जातो. तेव्हा अशा एका पट्टीतून अख्खा शाफ्टही निघत नाही, बटही नाही. ३३/३२ इंची जाड पट्टी मिळाली तर शाफ्टची आशा धरावी, तीही घासून किती उरली आहे ते मोजूनच.

बोलिंगची लेन अख्खी मेपलची असते, हाही एक पक्का समज. चेंडू सोडण्याच्या रेघेपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट अंतर असतं. जुन्या लाकडी लेनमध्ये त्यातले सुरुवातीचे साधारण १५ फूट मेपलचे, कारण चेंडू तिथे आदळतो. पिना उभ्या राहतात तो तुकडाही मेपलचा. मधला लांबलचक पट्टा पाइनचा. मेपलचा भाग मात्र सोडू नये. त्यात सुमारे इंचभर रुंदीच्या ३९ पट्ट्या कडेवर उभ्या करून एकमेकींना आडव्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. शाफ्टचं माप इथे बसतं. खिळ्यांची ओळ चुकवून वरून किंवा खालून सलग तुकडा चिरता आला तर उत्तम, नाहीतर करवतीचं पातं गेलंच म्हणून समजा.

सगळ्यात चिवट गैरसमज वलयांचा. ‘जुन्या जंगलातलं झाड सावकाश वाढलेलं, वलयं दाट, म्हणून लाकूड जड आणि ताठ.’ पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत हे बहुतांशी खरं आहे. ओकमध्ये नेमकं उलटं होतं. तिथे प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांचा थर असतो. झाड हळू वाढलं की घट्ट भाग कमी आणि छिद्रांचाच वाटा जास्त, म्हणून लाकूड हलकं. मेपलची छिद्रं बारीक आणि वलयभर विखुरलेली असतात, त्यामुळे वलयं दाट आहेत की विरळ याचा वजनाशी फारसा संबंध राहत नाही. तरीही वलयं मोजून भाव सांगणारे विक्रेते आहेतच.

पाहायचं ते तंतूंची दिशा. जमिनीची पट्टी निवडताना वरची बाजू दिसायला कशी आहे ते पाहिलेलं असतं. आतले तंतू तिरके गेले तरी पायाखाली कोणाला कळणार? शाफ्टमध्ये मात्र तंतू तिरके निघाले की तो वाकतो किंवा तुटतो. नुकताच रंधा मारलेल्या बाजूवर पातळ शाईचा थेंब टाकावा. शाई तंतूंच्या वाटेने पसरते. ती रेघ कडेला समांतर राहिली तरच तुकडा शाफ्टसाठी ठेवावा.

‘पन्नास वर्षं वाळलंय, आता काय हलणार?’ हलतं. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के पाणी राहतं, ८० टक्के झाली की १६. वय कितीही असो. शिवाय पट्टी चिरली की आत दबलेले ताण मोकळे होतात. म्हणून जाणते कारागीर शाफ्ट एका दमात कातत नाहीत. थोडं उतरवायचं, टांगून ठेवायचं, बाक आला का पाहायचं आणि मग पुढचा हात.

मग पातळ पट्ट्यांचं काय? त्या चिकटवायच्या. जाडी जमवून बट होतो. फाकी जोडून केलेला शाफ्ट तर बाजारातही मिळतो. प्रेडेटर कंपनीच्या ‘३१४’ मध्ये मेपलच्या १० फाकी असतात. मात्र जुना रंग किंवा पॉलिश घासताना मास्क हवाच, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.

आपल्याकडे वाडे आणि चाळी पाडल्या की निघतं ते सागवान. साग फारसा हलत नाही, पण मेपलइतका कठीणही नाही, म्हणून त्याला बटातच जागा द्यावी. तो तेलकट असल्याने सांधा धरत नाही. ॲसिटोनने पुसून, कोरडा होताच इपॉक्सी लावावं.